केस्कीदींची समता

कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींवर फ्रेंच माणसाला ‘केस्कीदी’ म्हणत. इंग्रजीत कुणी हुकूम सोडला, कुणी भाव सांगितला, कुणी शिवी हासडली, की जमलेले फ्रेंच एकमेकांकडे वळून विचारायचे, ‘केस्किल दी?’ काय म्हणतोय तो? हा प्रश्न इतक्या वेळा कानावर पडला की अमेरिकनांनी त्याचंच नाव करून टाकलं. दक्षिणेतल्या चारही भाषांना ‘यंडूगुंडू’ म्हणून मोकळं होण्याची आपल्याकडे जी खोड आहे, तीच ही. समोरच्याला भाषा नाही, नुसता आवाज आहे असं एकदा ठरवलं की पुढच्या गोष्टी सोप्या जातात.

गंमत अशी की हे केस्कीदी ज्या देशातून आले होते, तो देश त्याच सुमारास समतेखेरीज दुसरं काही बोलत नव्हता. २४ जानेवारी १८४८ ला कोलोमा इथल्या लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले. त्यानंतर महिनाभरात पॅरिसमध्ये लुई फिलिपची राजवट कोसळली आणि दुसरं प्रजासत्ताक आलं. सगळ्या प्रौढ पुरुषांना मत मिळालं (बायकांना नाही, तो विषय निघाला आणि हसण्यावारी गेला), आणि २७ एप्रिलला फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी रद्द झाली. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी मराठी वाचकाला सरनाम्यामुळे पाठ असते. डॉ. आंबेडकरांनी १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात मुद्दाम सांगितलं होतं की ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, बुद्धाकडून घेतली आहेत. त्या त्रयीवर मालकी कुणाची आणि ती पाळतं कोण, हे हिशोब वेगळे ठेवावेत, एवढं तरी त्यातून आपण घ्यावं.

पुढच्या चार-पाच वर्षांत किती फ्रेंच कॅलिफोर्नियात उतरले, याचे अंदाज साधारण पंचवीस ते तीस हजारांच्या घरात जातात. त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. दानिएल लेव्ही यांनी १८८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेंचांचा इतिहास लिहिला, तो कर्तबगार समाजाच्या गौरवग्रंथाच्या थाटाचा आहे. सोसलं, टिकलो, नाव काढलं, असा त्याचा सूर. दुसऱ्या पक्षाची सुरुवात एका अमेरिकनानंच केली. ग्रास व्हॅली या खाणवस्तीत जन्मलेले तत्त्वज्ञ जोसाया रॉइस यांनी १८८६ च्या आपल्या ‘कॅलिफोर्निया’ ग्रंथात परदेशी खाणकऱ्यांना मिळालेल्या वागणुकीबद्दल आपल्याच लोकांचे वाभाडे काढले. अलीकडच्या काळात सुझन ली जॉन्सन यांचं ‘रोअरिंग कॅम्प’ (२०००) आणि माल्कम रोहरबो यांचं ‘रश टू गोल्ड’ (२०१३) ही दोन पुस्तकं महत्त्वाची. रोहरबो फ्रान्सच्या बाजूनं बघतात: गावं, वर्तमानपत्रं, कंपन्या, जहाजं. जॉन्सन दक्षिणेकडच्या खाणींमध्ये उभ्या राहून मेक्सिकन, चिली, चिनी, तिथले मूळनिवासी मिवोक आणि फ्रेंच अशा सगळ्यांना एका चौकटीत आणतात. फ्रेंच अन्यायाचे बळी होते की गोरे म्हणून लाभार्थी, हा वाद ही पुस्तकं वाचताना मला पोकळ वाटू लागला. ते आधी एक होते आणि मग दुसरे झाले. मधल्या दोन वर्षांत काय घडलं, ते बघण्यासारखं आहे.

पण आधी थोडं पॅरिस. जून १८४८ मध्ये प्रजासत्ताकानं बेकार कामगारांचे सरकारी कारखाने बंद केले, कामगार रस्त्यावर उतरले आणि सरकारनं तो उठाव रक्तात बुडवला. हजारो लोक तुरुंगात गेले, कित्येकांची अल्जेरियात रवानगी झाली. अशा वेळी सोन्याच्या बातम्या येऊन धडकल्या. ऐंशीच्या वर कंपन्या निघाल्या. ‘ला फोर्त्यून’, ‘ला तोआझों दोर’ अशी त्यांची नावं. एखादा सुतार किंवा शिंपीही विकत घेऊ शकेल इतके लहान शेअर त्यांनी काढले. बहुतेक कंपन्या बुडाल्या. काही तर माणसं जहाजात असतानाच बुडाल्या. जां-निकोला पेर्लो हा बेल्जियमचा तरुण ‘ला फोर्त्यून’च्या कराराने निघाला, केप हॉर्नला वळसा घालून १८५१ मध्ये मॉन्टेरेला उतरला, तेव्हा त्याची कंपनी शिल्लक नव्हती. तो बेल्जियन होता, पण खाणीवर त्याला वेगळं कोण मोजणार? फ्रेंच बोलतो म्हणजे केस्कीदी.

सरकारही मागे नव्हतं. ‘सोन्याच्या लगडींची लॉटरी’ १८५० मध्ये निघाली: एक फ्रँकचं एक तिकीट, एकूण सत्तर लाख तिकिटं, पहिलं बक्षीस चार लाख फ्रँकची लगड. नफ्यातून पाच हजार गरजूंना फुकट कॅलिफोर्नियाला पाठवायचं, असा जाहीर हेतू. कोण गरजू, हे ठरवण्यात पोलिसांचा हात होता, आणि जूनच्या आठवणीनं ज्यांची झोप उडे त्यांना असे गरजू समुद्रापार गेलेले हवेच होते. सोडत १६ नोव्हेंबर १८५१ ला झाली. पंधरवड्यानं, २ डिसेंबरला, राष्ट्राध्यक्ष लुई-नेपोलियननं प्रजासत्ताकच मोडीत काढलं. ‘अठरावा ब्रुमेअर’मध्ये मार्क्सनं या लॉटरीवर सपासप वार केलेत, एकाच क्रमांकाची अनेक तिकिटं छापून विकल्याचा आरोपही त्यात आहे. लॉटरीच्या पैशावर तीन हजारांहून जास्त माणसं खरोखरच गेली. समतेच्या राज्यात जी नकोशी झाली, तीच माणसं पुढे परक्या देशात समता मागायला उभी राहणार होती.

आता खाणीवर. तिथे समता नव्हती असं म्हणणं सोपं आहे, पण ते खोटं आहे. होती, आणि भरपूर होती. जमीन सरकारची, सरकार दूर, म्हणून प्रत्येक वस्तीनं सभा घेऊन आपले नियम स्वतः केले. एका माणसाला एक क्लेम, म्हणजे ठरलेल्या मापाचा जमिनीचा तुकडा. काम करत असशील तोवर तो तुझा. ठरलेले दिवस काम बंद राहिलं तर दुसऱ्यानं येऊन बसावं. साठेबाजी नाही. वकील, शेतकरी, पळालेला खलाशी, बुडीत उमराव, सगळे गुडघाभर पाण्यात उभे राहून घमेली हलवत आणि रविवारी स्वतःचे सदरे धूत. एर्नेस्त द मासे हा खानदानी फ्रेंच गृहस्थ आणि एतिएन देर्बेक हा पत्रकार, दोघांनी या जगाची वर्णनं लिहून ठेवली आहेत. देर्बेकची पत्रं पॅरिसच्या ‘जुर्नाल दे देबा’त छापून येत. ज्यांनी पॅरिसला बॅरिकेडवर समतेची स्वप्नं पाहिली होती, त्यांना ती इथे दोरीनं मोजून, खुंट्या ठोकून मिळत होती. फक्त ज्या सभेत नियम ठरत ती इंग्रजीत चाले, आणि ‘प्रत्येक माणूस’ या शब्दांत कोण कोण मोजायचं तेही तीच सभा ठरवी.

मेक्सिकोकडून हा प्रदेश अमेरिकेनं घेतला तो फेब्रुवारी १८४८ च्या तहानं, सोनं सापडल्यावर नऊ दिवसांनी. त्यामुळे अमेरिकनांच्या मनात हिशोब साधा होता: रक्त आम्ही सांडलं, सोनं आमचं. १८४९ च्या सुरुवातीलाच जनरल पर्सिफर स्मिथ यांनी कॅलिफोर्नियाकडे येता येता पनामातून जाहीर केलं की सरकारी जमिनीवर सोनं खणणारे परदेशी हे अतिक्रमण करणारे आहेत. त्या वर्षाअखेरीस कॅलाव्हेरस भागात चिली आणि अमेरिकन खाणकऱ्यांत रक्तपात झाला. एप्रिल १८५० मध्ये राज्याच्या विधिमंडळानं परदेशी खाणकऱ्यांवर कर बसवला: महिन्याला वीस डॉलर. सोन्याचा भाव तेव्हा औंसाला सोळा डॉलरच्या आसपास, म्हणजे दरमहा सव्वा औंस सोनं नुसतं परकं असल्याबद्दल मोजायचं.

कर परदेशी माणसावर होता, गोऱ्या-काळ्यावर नाही. मला हा सगळ्या कहाणीतला कळीचा मुद्दा वाटतो. कागदावर सोनोरन, चिली, फ्रेंच, जर्मन सगळे एका रांगेत आले, आणि थोडे दिवस का होईना, ते एकत्र उभे राहिले. टुओलम्नी परगण्यातलं सोनोरा हे गाव मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातून आलेल्या खाणकऱ्यांनी वसवलेलं. तिथे वसुलीला नेमलेल्या अधिकाऱ्याचं आडनाव बेझान्सों, म्हणजे फ्रान्समधल्याच एका शहराचं. इतिहासाला विनोद करायची लहर येते ती अशी. मे १८५० मध्ये हजारो परदेशी खाणकरी तिथे जमले. भाषणं झाली, पत्रकं लागली. अमेरिकन वर्णनांत या गडबडीचा ठपका हटकून फ्रेंच ‘लाल प्रजासत्ताकवाद्यां’वर येतो, आणि सभा, जाहीरनामा, शिष्टमंडळ यांची सवय त्यांना होती हे खरंच. उत्तरादाखल शेजारच्या छावण्यांतून हत्यारबंद अमेरिकन गावात घुसले. लढाई झाली नाही. माणसं हळूहळू पांगली, आणि मेक्सिकनांनी तर मोठ्या संख्येनं गाव सोडलं.

त्याच मे महिन्याच्या ३१ तारखेला पॅरिसच्या विधानसभेनं मतदानासाठी तीन वर्षं एकाच ठिकाणी राहण्याची अट घातली आणि सुमारे तीस लाख गरिबांचं मत काढून घेतलं. सोनोराच्या सभेत समतेवर बोलणाऱ्यांना ही खबर कळायला काही महिने लागले असतील. मायदेशातही ते अर्धे परके झाले होते.

वीस डॉलरचा कर मार्च १८५१ मध्ये रद्द झाला. परदेशी आणि नागरिक समान आहेत असा साक्षात्कार विधिमंडळाला झालेला नव्हता. गिऱ्हाईकच निघून गेल्यानं दुकानदारांचे गल्ले रिकामे पडले आणि बोंब झाली, म्हणून तो गेला. पण त्यानं छावण्यांतला राग ओसरला नाही. १८५१ मध्येच मोकेलम्नी हिल इथे डोंगरातल्या एका भरघोस जागेवर फ्रेंच खणत होते. त्यांनी तिथे आपला तिरंगा फडकवला आणि अमेरिकन सत्तेला आव्हान दिलं, असं निमित्त करून अमेरिकनांनी त्यांना हुसकावलं आणि क्लेम घेतले. स्थानिक इतिहासात याला ‘फ्रेंच युद्ध’ असं भारदस्त नाव आहे. सोनं उथळ मातीत असतं तर झेंडा कुणाला दिसलाही नसता, असं मला वाटतं.

इथवर फ्रेंच हे बळीच. १८५२ मध्ये कर परत आला, दरमहा तीन डॉलर. पुढच्या वर्षी चार. शब्द पुन्हा तेच, परदेशी खाणकरी. पण त्या एका वर्षात वीस हजारांच्या आसपास चिनी आले होते, आणि गव्हर्नर जॉन बिगलर यांनी त्यांच्याविरुद्ध खास संदेशच काढला होता. वसुली करणारा आता चिन्यांच्या तंबूंकडे वळला. युरोपियनांकडे त्याचं बहुधा लक्षच जात नसे, आणि पुढची अनेक वर्षं चिन्यांच्या घामातून राज्याच्या तिजोरीत मोठी भर पडत राहिली. यावर सोनोरासारखी सभा फ्रेंचांनी भरवली का? दोन वर्षांपूर्वी ज्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता, त्यांच्याकडून तशी काही हालचाल झालेली दिसत नाही. कर गेला नव्हता, नुसता एक पायरी खाली उतरला होता. तेवढं त्यांना पुरलं.

फ्रेंचांनाच झोडपण्यात मात्र अर्थ नाही. बिगलरना जाहीर उत्तर देणारे नॉर्मन असिंग हे सॅन फ्रान्सिस्कोतले चिनी पुढारी. त्यांचं पत्र तडफदार आहे: कातडीच्या रंगावर बेतलेली उमरावशाही तुमच्या घटनेत बसत नाही, असं त्यांनी गव्हर्नरला सुनावलं. पण त्याच पत्रात आफ्रिकन आणि मूळनिवासी यांच्याशी आपलं नातं तुमच्याइतकंच, म्हणजे शून्य, हेही सांगायला ते विसरले नाहीत. खालची पायरी दाखवल्याशिवाय वरची मागताच येत नाही, अशी तिथल्या समतेची रचना होती.

ही रचना कायद्यात पक्की बसवलेली होती. १७९० च्या अमेरिकन कायद्यानुसार नागरिकत्व मिळू शकत होतं ते ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती’ला. फ्रेंच माणसाला हे दार उघडं होतं. बहुतेकांनी ते ढकललंही नाही, कारण त्यांना पैसा करून परत जायचं होतं. इंग्रजी शिकायची नाही, मुक्काम करायचा नाही, ही अमेरिकनांची तक्रार त्यांच्याबाबतीत रास्तच होती. हीच तक्रार चिन्यांबद्दल झाली तेव्हा ती वंशाचा दोष ठरली. कायद्यातल्या त्या ‘गोऱ्या’ शब्दानं पुढे आपल्याही माणसांना गाठलं. भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात १९२३ मध्ये भारतीय गोरे नाहीत असा निकाल लागला. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित. नाव वाचताच मराठी कान टवकारावेत, पण जन्म अहमदाबादचा. पंडितांना स्वतःला १९१४ मध्ये कॅलिफोर्नियातच नागरिकत्व मिळालं होतं. निकालानंतर सरकार तेही काढून घ्यायला निघालं. १९२६ मध्ये ते जिंकले, पण कोर्टानं त्यांना गोरं ठरवलं म्हणून नाही. एकदा लागलेला निकाल पुन्हा उकरता येत नाही, या मुद्द्यावर.

साक्षीचा कायदा आणखी कडवा. गोऱ्या माणसाच्या बाजूनं किंवा विरुद्ध काळ्या माणसाची, मिश्रवर्णीयाची वा इंडियनाची साक्ष चालणार नाही, असं १८५० मध्ये ठरलं. १८५३ मध्ये जॉर्ज हॉल नावाच्या गोऱ्याला चिनी साक्षीदारांच्या जबानीवर खुनाची शिक्षा झाली, ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १८५४ मध्ये फिरवली. सरन्यायाधीश ह्यू मरे यांनी युक्तिवाद केला की कोलंबसला आपण आशियाच्या किनाऱ्याशी आलोय असं वाटलं, म्हणून त्यानं तिथल्या लोकांना इंडियन म्हटलं. तेव्हा कायद्यातल्या ‘इंडियन’मध्ये आशियाई आलेच. आपल्या देशाचा पत्ता चुकलेल्या दर्यावर्दीमुळे साडेतीनशे वर्षांनी एका चिनी माणसाचा खुनी सुटला.

आणि ज्यांची ती जमीन, त्यांचं काय? १८४८ मध्ये कॅलिफोर्नियातले मूळनिवासी सुमारे दीड लाख होते असं मानतात. १८७० पर्यंत ते तीस हजारांच्या आसपास उरले. रोगराई, उपासमार आणि सरळसरळ कत्तली. खाणीवरच्या समान क्लेमांची दोरी त्यांच्या शिकारीच्या वाटांवरून आणि मासेमारीच्या नद्यांवरून गेली होती. पेर्लोचं आत्मकथन, १८९७ मध्ये छापलेलं, इथे फार मोलाचं आहे. मारिपोसा भागात राहताना तो मिवोकांची भाषा शिकला, त्यांच्याशी देवघेव केली, ओळखी जोडल्या. त्याच्या पानांत मिवोक माणसं नावागावाची, थट्टा करणारी, भांडणारी अशी भेटतात. तरीही तो सोनं धूतच राहिला, त्यांच्याच ओढ्यांत. भाषा शिकण्यानं माणूस दिसतो, जमीन परत मिळत नाही.

काही फ्रेंचांना मात्र कॅलिफोर्नियातली अर्धीमुर्धी बरोबरी मानवली नाही. काउंट गास्तों द राउसे-बुलबों हा दिवाळं निघालेला उमराव सॅन फ्रान्सिस्कोत पडेल ते काम करून थकला आणि १८५२ मध्ये अडीचशेच्या आसपास बेकार देशबांधव घेऊन मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात गेला. सांगायला तो खाणींच्या रक्षणासाठी, अपाचेंच्या बंदोबस्तासाठी. तिथे त्यानं चक्क एर्मोसियो शहर जिंकलं. ते टिकलं नाही. १८५४ मध्ये तो पुन्हा गेला, ग्वायमासला हरला आणि १२ ऑगस्टला त्याला गोळ्या घालण्यात आल्या. ज्या सोनोरन खाणकऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून फ्रेंचांनी वीस डॉलरच्या कराला विरोध केला, त्यांच्याच घरावर चार वर्षांच्या आत फ्रेंच चालून गेले. राउसेला हुतात्मा करणारी चरित्रं फ्रान्समध्ये निघाली. त्यांचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

शहरात राहिलेल्यांचं बरं चाललं. व्हर्दिए बंधूंचं दुकान ‘सिटी ऑफ पॅरिस’ आणि इझिडोर बुदँची आंबट पावाची भट्टी ही नावं सॅन फ्रान्सिस्कोत पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकली. १८५१ च्या अखेरीस परस्पर-साहाय्य मंडळ निघालं. वर्गणी भरा, आजारी पडलात तर मंडळ बघेल. त्यातून फ्रेंच हॉस्पिटल उभं राहिलं. बंधुता म्हणतात ती इथे खरोखर दिसते, सभासदांपुरती. फ्रेंच बायकांच्या वाट्याला मात्र जुगाराच्या टेबलामागची खुर्ची आणि बदनामी आली. पगार पुरुषांपेक्षा जास्त असे, म्हणून प्रवासवर्णनं त्यांच्यावर रंगून लिहितात आणि त्यांच्या मताबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

एप्रिल १८५४ मध्ये राउसेच्या भानगडीशी जोडलेला एक खटला सॅन फ्रान्सिस्कोत उभा राहिला. फ्रेंच लोकांची भरती करून त्यांना मेक्सिकोला पाठवल्याचा आरोप मेक्सिकोच्या वकिलातीतले अधिकारी लुईस देल व्हाये यांच्यावर होता, आणि साक्षीला फ्रेंच वाणिज्यदूत पात्रिस दियों यांना बोलावलं. दियोंनी नकार दिला: फ्रान्स-अमेरिका करारानुसार, जो १८५३ मध्येच झाला होता, वाणिज्यदूताला कोर्टात हजर राहायची सक्ती करता येत नाही. केंद्राच्या मार्शलनं त्यांना धरून नेलं. दियोंनी निषेध म्हणून वकिलातीवरचा झेंडा उतरवला. पॅरिस आणि वॉशिंग्टनमध्ये दीड वर्ष खलिते फिरले. एकाच राज्यात, एकाच वर्षी, फ्रेंच वाणिज्यदूताला साक्ष न देण्याचा हक्क आहे की नाही यावर दोन सरकारं भांडत होती, आणि चिनी माणसाला साक्ष देण्याचाच हक्क नाही हे न्यायालयानं एका निकालात संपवलं होतं.

१८५५ मध्ये अमेरिकेनं फ्रेंच झेंड्याला तोफांची सलामी दिली आणि प्रकरण मिटलं. मिटलं ते वकिलातीवरच्या झेंड्याचं. मोकेलम्नी हिलवर जो फडकला होता, त्याच्यासाठी कुणी तोफ डागली नाही.